जुना बालचित्रपट लहान मुलांना दाखवावा का, हे कसे ठरवावे

घरात चार-पाच वर्षांचे मूल असले आणि आपल्या लहानपणीचा एखादा गाजलेला चित्रपट त्याला दाखवण्याची ओढ लागली, की आपण स्वतःची समजूत बहुधा एकाच वाक्याने घालतो: "आम्ही पाहिला तेव्हा आम्हाला कुठे काय झाले?" हे वाक्य खोटे नसते, पण निर्णयाच्या कामाचेही नसते, कारण आपल्याला तो चित्रपट गाण्यांसकट आणि शेवटच्या आनंदासकट आठवतो आणि मधली जी दहा मिनिटे आपण उशीत तोंड खुपसून काढली होती, ती आठवणीतून गळून गेलेली असतात. ज्यांनी ही पारख अजून कधी केलेली नाही, अशा पालकांसाठी, आजी-आजोबांसाठी आणि शिक्षकांसाठी हा लेख आहे. त्यासाठी एक वही, एक पेन आणि चित्रपट एकदा एकट्याने पाहण्याइतका वेळ एवढेच लागते.

प्रमाणपत्र त्याच्या सालासकट वाचावे

सुरुवात प्रमाणपत्रापासून करावी, पण तिथे थांबू नये. प्रमाणपत्राचे अक्षर ज्या वर्षी दिले गेले, त्या वर्षाच्या समजुतीप्रमाणे दिलेले असते. अमेरिकेत वयोगटानुसार वर्गीकरणाची पद्धत १९६८ मध्ये सुरू झाली आणि 'पीजी-१३' हा वर्ग, म्हणजे तेरा वर्षांखालील मुलांच्या पालकांना सावध करणारा, जुलै १९८४ मध्ये आला. त्याआधी 'पालकांच्या मार्गदर्शनाखाली', म्हणजे 'पीजी', या एकाच खणात फार वेगवेगळ्या प्रकारचे चित्रपट बसत असत. माणसे खाणाऱ्या शार्कचा 'जॉज' (१९७५) हा तिथे 'पीजी'च होता. म्हणून १९८४ पूर्वीच्या अमेरिकी चित्रपटावरचे 'पीजी' हे आजच्या 'पीजी'सारखे समजू नये. भारतात २०२३ च्या कायदादुरुस्तीने 'यूए' या वर्गाचे ७, १३ आणि १६ वर्षांपुढील असे तीन भाग पाडले; जुन्या चित्रपटांवर मात्र सरसकट 'यू' किंवा 'यूए' एवढेच दिसते.

ब्रिटनची दोन उदाहरणे या बाबतीत उपयोगी आहेत. सशांच्या कळपाची कथा सांगणाऱ्या 'वॉटरशिप डाउन' (१९७८) या ॲनिमेशनपटाला तिथे 'यू', म्हणजे सर्वांसाठी, असे प्रमाणपत्र मिळाले होते आणि त्यातल्या रक्ताळलेल्या झटापटी पाहून कित्येक मुले हादरली. अनेक दशकांनंतर तो 'पीजी' करण्यात आला. 'मेरी पॉपिन्स' (१९६४) हाही २०२४ मध्ये 'यू'वरून 'पीजी'वर गेला, पण त्याचे कारण अगदी निराळे होते: त्यात आफ्रिकेतील एका समाजासाठी वापरला गेलेला हिणकस शब्द. एकात रक्त आहे, दुसऱ्यात एक शब्द आहे आणि अक्षर दोघांनाही सारखेच आहे. त्यामुळे अक्षराखाली जी कारणाची ओळ छापलेली असते, ती अक्षरापेक्षा अधिक लक्षपूर्वक वाचावी.

'सर्वांसाठी' या शिक्क्याचा अर्थ 'यात त्रासदायक काही नाही' असा होत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. अमेरिकेत 'सर्वांसाठी' म्हणून प्रमाणित झालेल्या ७४ ॲनिमेशनपटांची तपासणी २००० साली एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली होती आणि त्या सगळ्यांच्या सगळ्या चित्रपटांत हिंसेचा किमान एक प्रसंग आढळला. २०१४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या अभ्यासात मुलांच्या ॲनिमेशनपटांतील महत्त्वाच्या पात्रांचा मृत्यू होण्याचा धोका मोठ्यांच्या नाट्यमय चित्रपटांच्या तुलनेत सुमारे अडीच पट असल्याचे दिसले. मुलांच्या कथांतून मृत्यू काढून टाकावा, असा माझा मुळीच आग्रह नाही. तो येणार हे आपल्याला आधी माहीत असावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

चित्रपट रेखाटलेला आहे म्हणजे तो मुलांचाच आहे, हा गैरसमज इथेच बाजूला ठेवावा. १६ एप्रिल १९८८ रोजी जपानमध्ये एकाच स्टुडिओचे दोन चित्रपट जोडीने प्रदर्शित झाले: एक 'माय नेबर टोटोरो' आणि दुसरा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'. पहिला चार वर्षांच्या मुलालाही दाखवता येतो. दुसऱ्यात युद्धकाळात दोन अनाथ भावंडे उपासमारीने मरतात.

आपण कोणती आवृत्ती लावणार आहोत, तेही पाहून घ्यावे. 'ई.टी.' (१९८२) च्या २००२ मधील आवृत्तीत पोलिसांच्या हातातील बंदुका पुसून त्या जागी वॉकीटॉकी दाखवले होते, आणि नंतरच्या आवृत्तीत बंदुका परत आल्या. 'फँटेशिया' (१९४०) मधील एका कृष्णवर्णीय सेवक-पात्राची दृश्ये १९६९ पासून गाळलेली आहेत. तुम्ही लहानपणी पाहिलेली आणि आज पडद्यावर येणारी प्रत एकच असेल, असे गृहीत धरू नये.

वही घेऊन एकट्याने पाहणे

सगळ्या पद्धतीचा कणा हा आहे. चित्रपट मुलाच्या आधी, मूल झोपलेले असताना, पहिल्या दृश्यापासून अखेरपर्यंत पाहावा आणि कंटाळा आला तरी पुढे ढकलू नये. वहीत चार रकाने पाडावेत: पहिल्यात ताण कितव्या मिनिटाला सुरू झाला, दुसऱ्यात काय घडते, तिसऱ्यात तो ताण कितव्या मिनिटाला सुटला आणि चौथ्यात तो कोणी सोडवला. दृश्य किती भयंकर आहे याला गुण देत बसू नये, कारण मोठ्या माणसाचे ते गुण मुलाच्या बाबतीत हमखास चुकतात. भीती आणि दिलासा यांच्यात किती अंतर आहे आणि दिलासा देणारे कोणी आहे की नाही, हे मोजावे. माझ्या अनुभवात मूल मोठ्या राक्षसाची पाच सेकंद पचवते, पण एकटे पडलेल्या पात्राची दोन मिनिटे त्याला पचत नाहीत.

'द विझार्ड ऑफ ऑझ' (१९३९) चे उदाहरण घेऊ. या चित्रपटात वादळ आहे, हिरव्या चेहऱ्याची चेटकीण आहे, उडणारी माकडे आहेत आणि पालक सहसा या तिघांची यादी करून मोकळे होतात. माझ्या वहीत मात्र सर्वांत मोठी खूण किल्ल्यातील एका शांत दृश्यापाशी आहे. चेटकीण गोष्टीतल्या मुलीला, डोरोथीला, कोंडते, लाल वाळूचे घड्याळ उलटे करून ठेवते आणि निघून जाते. वाळू खाली पडू लागते. समोरच्या काचेच्या गोळ्यात डोरोथीला तिची एम मावशी दिसते. मावशी तिला हाका मारत शोधते आहे. डोरोथी रडत सांगते की मी इथे आहे, पण मावशीला ऐकू जात नाही, तिचा चेहरा विरतो आणि त्याच गोळ्यात चेटकिणीचा चेहरा उमटून डोरोथीच्या हाकेची नक्कल करतो. मी हा चित्रपट माझ्या पाच वर्षांच्या भाचीला दाखवला तेव्हा माकडांच्या वेळी ती हसली होती, आणि या ठिकाणी मात्र तिने माझा हात घट्ट धरून विचारले, "मावशीला ती दिसत का नाही?" तो प्रश्न पुढे चार दिवस तिच्या बोलण्यात येत राहिला. त्यानंतर मी वहीत एक वेगळी खूण करू लागले: मायेचे माणूस समोर आहे, पण पोहोचू शकत नाही.

'बँबी' (१९४२) या हरणाच्या पाडसाच्या गोष्टीत आईचा मृत्यू पडद्यावर दिसतच नाही. आई बँबीला पळायला सांगते, मागे वळून पाहू नकोस म्हणते, गोळीचा आवाज येतो, तो झाडीत पोहोचतो, आनंदाने मागे वळतो आणि तिथे कोणीच नसते. मग तो पडत्या बर्फात हाका मारत फिरतो. या दृश्यात रक्त नाही, प्रेत नाही आणि म्हणून ते सौम्य आहे, असे मोठ्यांना वाटते. वहीचा चौथा रकाना भरायला गेले की खरी अडचण दिसते: वडील येऊन एका वाक्यात सांगतात की आई आता तुझ्याजवळ राहू शकणार नाही, आणि लगेच वसंत ऋतूचे आनंदी गाणे सुरू होते. ज्या मुलाला ते वाक्य कळले नाही, ते गाण्याच्या मध्यावर विचारते, "आई कुठे गेली?" चित्रपटाने दिलासा दिलेला नाही, विषय बदलला आहे. अशा ठिकाणी तो दिलासा सोबतच्या मोठ्या माणसाला द्यावा लागतो. चित्रपट थांबवून दोन वाक्यांत उत्तर देण्याची आपली तयारी असेल तर दाखवावा, नसेल तर वर्ष-दोन वर्षे थांबावे.

'पिनोकियो' (१९४०) मध्ये तर चौथा रकाना रिकामाच राहतो. खोडकर मुलांना गाढव बनवणाऱ्या बेटावर लॅम्पविक नावाचा मुलगा पिनोकियोच्या कोटाला धरून मदत मागतो आणि धरलेल्या त्या हातांचे पाहता पाहता खूर होतात. तो आईला हाक मारतो आणि ती हाक खिंकाळण्यात बुडून जाते. पुढे पिनोकियो सुटतो, पण त्या मुलांना कोणी सोडवत नाही आणि त्यांना नेणाऱ्या गाडीवानाला शिक्षाही होत नाही. न्याय-अन्यायाचे भान नुकते आलेली सहा-सात वर्षांची मुले याच धाग्याला धरून बसतात. ज्या धाग्याचा शेवट चित्रपट सांगत नाही, तो मुलाच्या मनात रात्री चालू राहतो, म्हणून अशी मोकळी टोके वहीत ठळक लिहावीत.

वहीतल्या सर्वांत कठीण दोन-तीन जागा मग आवाज पूर्ण बंद करून पुन्हा पाहाव्यात. बऱ्याचदा दृश्य निम्म्याने लहान होते, कारण भीतीचे ओझे वाद्यवृंदाने उचललेले असते; तसे झाले तर दाखवताना आवाज कमी ठेवणे पुरेसे होते. आवाजाशिवायही ते दृश्य तितकेच अंगावर येत असेल, तर त्यातली गोष्टच मुलाच्या झेपेबाहेरची आहे असे समजावे.

कोणत्या वयाला काय खुपते

अमेरिकी संशोधक जोॲन कँटर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात मुलांच्या भीतीवर जे काम केले, त्याचा या निर्णयाला थेट उपयोग होतो. त्यांच्या एका प्रयोगात एकाच गोष्टीतील म्हातारी कधी प्रेमळ दिसणारी तर कधी कुरूप दाखवली होती आणि दोन्ही रूपांत ती कधी दयाळूपणे तर कधी क्रूरपणे वागत होती. शाळेत न जाणारी लहान मुले ती कशी दिसते यावरून ती चांगली की वाईट हे ठरवत होती, तर मोठी मुले ती कशी वागते याकडे पाहत होती. म्हणजे तीन ते पाच वर्षांच्या मुलाला 'तो दिसायला तसा आहे, पण मनाने चांगला आहे' ही गोष्ट सांगून फारसा उपयोग होत नाही. याच वयाला रूपबदल विलक्षण भीतिदायक वाटतो: माणसाचा प्राणी होणे, ओळखीचा चेहरा ताणला जाऊन दुसराच होणे. सज्जन माणसाचे हिरव्या महाकाय देहात रूपांतर होणाऱ्या दूरचित्रवाणी मालिकेने लहानग्यांना घाबरवले, याचे त्यांच्या पालकांना नवल वाटले होते, कारण मोठ्यांच्या लेखी तो नायक होता.

सात-आठ वर्षांनंतर पारडे फिरते. चेटकीण आता खोटी आहे हे कळते, पण आग, चोर, अपहरण, आजारी आई आणि युद्ध हे खरोखर घडू शकते, हेही कळू लागते. 'हे खरे नाही' हा दिलासा मोठ्या मुलाला उपयोगी पडतो आणि चार वर्षांच्या मुलाला मांडी, पांघरूण आणि आवडीची बाहुली उपयोगी पडते. म्हणून त्याच चित्रपटासाठी दोन भावंडांबाबत दोन वेगळे निर्णय होऊ शकतात आणि तसे झाले तर धाकट्याला दुसऱ्या खोलीत नेणारे माणूस आधीच ठरवून ठेवावे.

वयाइतकेच महत्त्व त्या मुलाच्या चालू दिवसांना आहे. 'माय नेबर टोटोरो'मध्ये कोणी खलनायक नाही आणि मी तो लहान मुलांसाठी निःशंकपणे सुचवते. तरीही त्यातली आई रुग्णालयात आहे, धाकटी बहीण हरवते आणि तळ्यात एक छोटी चप्पल सापडते तेव्हा सगळा गाव क्षणभर स्तब्ध होतो. ज्या घरात कोणी खरोखर रुग्णालयात आहे, तिथल्या मुलासाठी ती चप्पल उडत्या माकडांपेक्षा भारी असते. नुकताच मृत्यू, घटस्फोट, घर बदलणे, पाळलेला प्राणी जाणे, यांपैकी काही घडले असेल तर त्या विषयाचा चित्रपट काही महिने बाजूला ठेवावा. काही मुलांना अशाच वेळी अशी गोष्ट हवीशी वाटते, हेही खरे आहे, पण मागणी त्यांच्याकडून यावी.

जुन्या काळाचे ओझे

जुन्या चित्रपटांत भीतीखेरीज आणखी काही सामान असते. 'डंबो' (१९४१) मधील कावळ्यांचे चित्रण कृष्णवर्णीयांची खिल्ली उडवणाऱ्या जुन्या रंगमंचीय प्रकारावर बेतलेले आहे आणि २०२० मध्ये डिस्नेच्या ओटीटीवर चित्रपटाआधी तशी सूचना दाखवली जाऊ लागली होती. पाच वर्षांच्या मुलाला ही खिल्ली कळत नाही, पण 'असे बोलणारे लोक हसण्यासारखे असतात' एवढे त्याच्या मनात राहू शकते. पाहता पाहता एक वाक्य बोलावे, उदाहरणार्थ "तेव्हाचे लोक असे दाखवत असत, ते योग्य नव्हते," आणि पुढे जावे. सगळा चित्रपटच अशा हेटाळणीवर उभा असेल, तर मुलाला सलग चर्चा करता येण्याच्या वयापर्यंत तो ठेवून द्यावा.

सिगार, दारू आणि अनुकरणीय धाडस यांची नोंद वेगळी करावी. छत्री घेऊन उडणे किंवा खिडकीतून झेप घेणे मोठ्यांना काव्यमय वाटते, पण चार वर्षांचे मूल ते करून पाहू शकते. अशा जागी घाबरवण्याची गरज नसते. नटाला दोरीने बांधलेले होते, हे सांगितले की पुरते.

लांबी आणि वेग

पाच वर्षांखालील मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन ते चार वर्षांच्या मुलाचा पडद्यासमोर बसून जाणारा वेळ दिवसाला एका तासापेक्षा जास्त नसावा आणि त्याहून लहानांना तो नसावाच. ८६ मिनिटांचा 'टोटोरो'ही तीन वर्षांच्या मुलासाठी दोन बैठकींचा आहे. चित्रपट कुठे तोडायचा, ते वहीवरून ठरवावे. ताण सुटलेल्या जागी तोडावा, ताणाच्या मध्यावर कधीही नाही. अगदी पहिल्या चित्रपटासाठी मला 'द रेड बलून' (१९५६) फार योग्य वाटतो: सुमारे ३५ मिनिटांचा, जवळजवळ संवाद नसलेला, त्यामुळे सबटायटल्सची अडचण नाही. त्यातही टवाळ मुलांचा जमाव फुग्याला दगड मारतो, फुगा हळूहळू आक्रसतो आणि एक मुलगा त्यावर पाय देतो. पण लगेचच शहरभरचे फुगे त्या एकट्या मुलाकडे उडत येतात. भीती आणि दिलासा यांतले अंतर किती असावे, हे शिकायला या चित्रपटाइतका चांगला धडा मला दुसरा सापडलेला नाही.

दाखवण्याच्या दिवशी

झोपेच्या वेळेला नव्हे, दिवसा दाखवावा, दिवे चालू ठेवावेत आणि आपण मुलाच्या शेजारी बसावे. कठीण जागा आधी सांगून ठेवावी: "मध्ये बँबीची आई मरते, ते दुःखाचे आहे, पण मी तुझ्याजवळ आहे." गोष्ट आधी कळली म्हणून लहान मुलाची मजा जात नाही, त्याला एकच गोष्ट शंभर वेळा ऐकायची असते. रिमोट शक्य असल्यास मुलाच्याच हातात द्यावा आणि थांबवण्याचे बटण कोणते ते दाखवावे.

नंतर आपण पडद्याकडे कमी आणि मुलाकडे जास्त पाहावे. कान झाकणे, मांडीवर सरकणे, अचानक पाणी मागणे, मोठ्याने बडबडणे, पुन्हा पुन्हा "आता काय होणार?" असे विचारणे ही भीतीची साधी रूपे आहेत आणि ती ठीक आहेत, कारण मूल स्वतःला सावरत असते. अगदी निश्चल, पापणी न लवता बसलेले आणि हाक मारल्यावर उत्तर न देणारे मूल पाहिले की मात्र मी लगेच थांबवते. त्याला आपण बहुधा 'किती शहाण्यासारखे पाहते आहे' असे म्हणतो. थांबवताना "एवढ्याला काय घाबरायचे" असे म्हणू नये आणि कोणी भित्रे ठरणार नाही, याची काळजी घ्यावी. भय फार चढलेले असेल तर शक्य असल्यास दिलाशाच्या जागेपर्यंत पुढे नेऊन, ती जागा दाखवून मगच बंद करावे, म्हणजे मनात चेटकिणीचा चेहरा शेवटचा राहत नाही.

पुढचे आठ दिवस झोप, अंधाराची भीती, एकट्याने खोलीत जाणे यांवर लक्ष ठेवावे आणि वहीत दोन ओळी लिहाव्यात. मूल खेळात तेच दृश्य रंगवत असेल, चित्रे काढत असेल, तर काळजीचे कारण नाही. काही मुले त्याच भीतिदायक भागाची मागणी पुन्हा पुन्हा करतात आणि पालक गोंधळतात. माझ्या भाचीने वाळूच्या घड्याळाचे दृश्य महिनाभराने परत मागितले. रिमोट तिच्या हातात होता. पहिल्यांदा तिने मावशीचा चेहरा दिसताच थांबवले, दुसऱ्यांदा तो विरताना, आणि पाचव्या-सहाव्या वेळी थांबवलेच नाही, चेटकीण दिसली तेव्हा ती गोळ्याकडे बोट करून मला म्हणाली, "आता बघ, मित्र येणारेत दार तोडायला." त्या रात्री मी वहीतल्या त्या ओळीवर तारीख घातली आणि पुढच्या, अधिक कठीण चित्रपटासाठी नवे पान काढले.